लाकडासाठी घातलेलं तेल

भाचा नागपूरला नोकरी करतो आणि शनिवारी मॉलमध्ये बोलिंग खेळतो. क्रिकेटचं नव्हे; लेन नावाच्या लांब गुळगुळीत पट्ट्यावरून जड बॉल सोडून टोकाला उभ्या केलेल्या पिना पाडायचा खेळ. त्याच्याकडे तीन बॉल आहेत. दिवाळीला त्यातला एक पिशवीत घालून गावी घेऊन आला. पंधरा पौंड, म्हणजे पावणेसात किलोला थोडं जास्त. "एका खेळाला तीन कशाला रे?" म्हटलं, तर म्हणतो, "लेनवर तेल किती हाय त्याच्यावर बॉल ठरते मामा. अन् ते तेल तं दिसतच नाही." शंकरपटाला जाणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल तर जोडीवाला बैलांआधी जमीन पाहतो. नवल एवढंच, की बोलिंगमधलं तेल मुळात खेळासाठी घातलंच नव्हतं.

लेन फाउल लाइनपासून, म्हणजे खेळाडूनं ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट लांब आणि साडेएकेचाळीस इंच रुंद. जुन्या लेन लाकडाच्या, 39 पट्ट्या जोडून केलेल्या. बॉल जिथे आदळतो तिथे आणि पिनांखाली कडक मेपल, मधल्या लांब पट्ट्यात नरम पाइन. त्यावर सुरुवातीच्या काळात शेलॅकचा हात असे, म्हणजे आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर आणि कुसुमावर येते त्या लाखेचा. पुढे लॅकर आलं. दिवसभर बॉल घासून हा थर उडायचा आणि लाकूड उघडं पडायचं. बंडीच्या आसाला वंगण घालावं तसं, थर टिकावा म्हणून वरून तेल द्यायला लागले. बॉल जिथे सरपटतो त्या पुढच्या भागात तेल, पिनांकडचा भाग कोरडा.

बॉलची गोष्ट निराळ्या वाटेनं चालली होती. आधी तो लिग्नम व्हाइटी नावाच्या लाकडाचा असे. हे कॅरेबियन भागातलं झाड; लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. 1905 च्या सुमारास कडक रबराचा बॉल आला आणि पुढची पन्नासेक वर्षं त्याचंच राज्य होतं. 1960 च्या आसपास पॉलिएस्टर आलं, ज्याला खेळाडू नुसतं 'प्लास्टिक' म्हणतात. मॉलमध्ये भाड्यानं मिळतो तो रंगीबेरंगी बॉल हाच. तो तेल पीत नाही, वळतही फारसा नाही. एकटी उरलेली पिन सरळ उडवायला मात्र आजही चांगले खेळाडू तोच काढतात.

वळण हवंच कशाला? सरळ गेलेला बॉल पिनांना धडकून बाजूला फेकला जातो. तिरका, साधारण 6 अंशांनी आत शिरला तर रांगच्या रांग आडवी होते. म्हणून बॉल सोडताना बोटांनी त्याला बाजूची फिरकी द्यायची. तेलावर तो फिरत फिरत नुसता घसरतो. कोरडं लागलं की जमीन पकडतो आणि आत वळतो. लाकूड वाचवणारं तेल अशा रीतीनं खेळाचा अर्धा भाग होऊन बसलं, कोणी ठरवलेलं नसताना.

मग पकड वाढवण्याची चढाओढ लागली. 1970 च्या दशकात अमेरिकेत डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूनं प्लास्टिकचा बॉल रसायनात भिजवून मऊ केला. मऊ बॉल लेन धरून ठेवतो. 1973 साली तो वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाकीच्यांनीही बादल्या काढल्या. वाफ घातक, वास डोक्यात जाणारा. शेवटी बॉल किमान किती कडक हवा याचा नियम करावा लागला. तो आजही आहे, आणि मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मजेशीर नियम तोच.

1980 च्या दशकात युरेथेन नावाचं जास्त पकड घेणारं प्लास्टिक आलं, तेव्हा भिजवायची गरजच उरली नाही. 1990 च्या सुरुवातीला त्यात आणखी द्रव्यं मिसळून रिअॅक्टिव्ह रेझिन निघालं. याच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. नवी मातीची पणती पहिल्या दिवशी तेल पिते तसा हा बॉल लेनवरचं तेल पितो. जुना प्लास्टिकचा बॉल तेल पुढे ओढत न्यायचा. हा उचलूनच नेतो. चार गडी तासभर खेळले की लेन बदललेली असते आणि सकाळी नेमका वळणारा बॉल दुपारी फार अलीकडेच वळतो.

तोवर लेनही बहुतेक ठिकाणी कृत्रिम झाल्या होत्या. लाकूड गेलं, तेल राहिलं. आता यंत्र ते घालतं: एका लेनला पंचवीसेक मिलिलीटर, समईत एकदा घालावं एवढं. रोजच्या खेळासाठी मधे जाड आणि कडेला पातळ, साधारण 40 फुटांपर्यंत. स्पर्धेत हा फरक कमी ठेवतात, म्हणजे चूक झाकली जात नाही.

भाच्याच्या तीन बॉलांचं कोडं इथे सुटतं. तेल भरपूर आणि लांबवर असेल तर खरखरीत घासलेला, चमक नसलेला रिअॅक्टिव्ह. तेल उडून लेन कोरडी झाली की युरेथेन, नाहीतर चकचकीत पॉलिश केलेला, म्हणजे तो लवकर पकडत नाही. तिसरा साधा प्लास्टिकचा. नवा घेण्याआधी आहे त्यालाच घासून पाहावं, असं त्याचं मत. पगार पाहता मलाही पटलं.

ऑगस्ट 2020 पासून अमेरिकी बोलिंग महासंघानं बॉलनं तेल किती वेगानं शोषावं यालाही मर्यादा घातली आणि तोल साधायला पाडलेलं जादा भोक बंद केलं.

प्यालेलं तेल काढावंही लागतं. पाडव्याच्या सकाळी भाच्यानं बोटांची भोकं टेपनं बंद केली, बादलीत गरम पाणी आणि भांड्याचा साबण घातला आणि बॉल सोडला. थोड्या वेळानं वर तवंग आला. आजी काठी टेकत येऊन वाकून पाहत होती.

"सोयाबीनचं हाय का रे?"

"नाही आजी, मिनरल ऑइल हाय."

"मंग फेकून दे," ती म्हणाली आणि आत गेली.