प्लास्टरमधून निघालेला हात

पुतण्याच्या डाव्या हाताचं प्लास्टर कापलं तेव्हा मी सोबत होतो. सांगलीत तालमीला जाणारा पोरगा. लाल मातीत पकड सोडवताना हात अंगाखाली आला आणि हाड मोडलं. सहा आठवड्यांनी आतून जो हात निघाला, तो पाहून तो गप्पच झाला. कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेले, दंड सैल. घरी वहिनींनी शिवणाची टेप लावली. उजवा दंड साडेतेरा इंच, डावा बारा. "काका, सगळी मेहनत वाया गेली," एवढंच तो म्हणाला.

वाया गेली नव्हती. दंडातल्या पेशी जवळपास होत्या तेवढ्याच होत्या. प्रत्येक पेशी मात्र बारीक झाली होती. याला शोष म्हणतात. स्नायूच्या पेशीत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या तंतूंच्या जुड्या असतात, ताकद लावतात त्या याच. हे तंतू रोज थोडे मोडतात आणि रोज नवे विणले जातात. हात हललाच नाही की विणकाम मंदावतं, मोडणं वाढतं. पण पेशी दिसेल ते मोडत सुटत नाही. काढायच्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची खूण बसते. खूण असलेलं प्रथिन प्रोटिअसोममध्ये, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या पेशीतल्या यंत्रात, ओढलं जातं, त्याचे तुकडे होतात आणि त्यातली अमिनो आम्लं पुन्हा कामाला येतात. खुणेची ही पद्धत शोधणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जोर-बैठकांचा ताण पडला की उलटं होतं. मोठ्या माणसाची स्नायूपेशी विभागून दोनाच्या चार होत नाही, म्हणून आहे तीच जाड होते. तिला बिलगून बसलेल्या उपग्रह पेशी जाग्या होतात, तिच्यात मिसळतात आणि आपलं केंद्रक तिला देऊन टाकतात. पैलवानाचा दंड भरतो तो असा.

कातडीचं तसं नाही, तिथल्या पेशी विभागू शकतात. ऊसतोडीला आलेल्या माणसाचा तळहात बघा. कोयत्याची मूठ जिथे घासते तिथेच घट्टे पडलेले असतात, कारण खालच्या थरातल्या पेशी भराभर वाढून वर कडक थर चढवतात. गर्भाशय तर दोन्ही करून दाखवतं, तिथल्या पेशी विभागतातही आणि जाडही होतात. एरवी साधारण ७० ग्रॅमचं, नऊ महिन्यांत किलोभराचं होतं आणि बाळंतपणानंतर सहाएक आठवड्यांत जवळजवळ पूर्वीसारखं.

मला धास्ती वाटते ती हृदयाच्या वाढीची. आमच्या अण्णांनी बीपीची गोळी मध्येच सोडली होती. "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" हे त्यांचं म्हणणं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली दिसली. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं म्हणून हृदयाच्या पेशींनीही दंडासारखंच केलं होतं, त्या जाड झाल्या होत्या. पण तालमीतला ताण दोन तासांचा, त्यानंतर खुराक आणि झोप. बीपीचा ताण रात्रंदिवस. भिंत जाडावते, तिला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या त्या मानाने वाढत नाहीत, मध्ये चिवट तंतू साचतात. मग ती ताठरते, हृदय नीट सैलावत नाही, पुरेसं भरत नाही आणि एक दिवस जिना चढताना दम लागतो. तोवर माणसाला खरंच काही जाणवलेलं नसतं, म्हणून अण्णांना मी दोष देत नाही. बीपी ताब्यात राहिला तर ही जाडी कमी होऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे ते ऐकू लागले. आता नाश्त्याआधी गोळीची डबी ते स्वतःच मागतात.

पोरगा सुरुवातीला नुसता रबरी चेंडू दाबायचा, मग पाण्याची बाटली उचलू लागला. वस्तादांनी अजून हौद्यात उतरू दिलेलं नाही. काल वहिनींनी परत टेप लावली. पावणेतेरा.