सरकारी दंतसेवा (सातारा-सांगली)

सरकारी दंतसेवा म्हणजे सरकारी पैशातनं चालणाऱ्या दवाखान्यात दात, दाढा, हिरड्या आणि जबड्याचे जे उपचार मिळतात ते. दाढ काढणं, कीड साफ करून सिमेंट भरणं, क्लिनिंग, तोंडाची तपासणी, आणि सोय असेल तिथं रूट कॅनाल आणि कवळी पण यात येते. पण सातारा-सांगलीकडं गावातल्या माणसाला विचारलं तर त्याच्या डोक्यात एकच चित्र असतं, सिव्हिलला जायचं आणि दाढ उपटून यायचं.

पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाताची खुर्ची सहसा नसते, ती सुरू होते ग्रामीण रुग्णालयापासनं, मग कराड-फलटणसारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि वर साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय नाहीतर सांगलीचं सिव्हिल. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 ला सुरू झाला, त्यातनं जिल्हा रुग्णालय आणि खालच्या दवाखान्यांना डॉक्टर, मशिनरी, मटेरियल यासाठी पैसे देता येतात. आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे गावाकडचं उपकेंद्र नाहीतर पीएचसी, त्याच्या 12 सेवांत तोंडाचं आरोग्य आहे, पण तिथं तोंड बघून वर पाठवणं एवढंच बहुतेक होतं.

फुकट आहे का, तर बरंचसं. 15 ऑगस्ट 2023 पासनं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात उपचार मोफत केलेत. सांगली सिव्हिल मात्र मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला (1962) जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याकडं, तिथले नियम वेगळे, हे पेशंटला कोण सांगत बसतंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन रूट कॅनाल करायला गेलेली माणसं पण परत येतात, कारण त्यात जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कॅन्सर असली मोठी ऑपरेशनं बसतात, रोजची दाढदुखी नाही.

खरी अडचण पैशाची नाहीच, हेलपाट्यांची आहे. जतहून सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर, जत पूर्व भागातनं त्याहून लांब, पाटणला कोयनेच्या वरच्या वाड्यांतनं आधी एसटी गाठायलाच चालावं लागतं. रूट कॅनालला दोन-तीन फेऱ्या, मग कॅप, दर फेरीला एक रोज बुडतो, भांगलणीच्या नाहीतर ऊसतोडीच्या दिवसात कोण सोडणार. दाढ काढली की एका फेरीत काम मिटतं. म्हणून वाचण्यासारखी दाढ पण काढली जाते, आणि त्याला लोकांचं अज्ञान म्हणणाऱ्यांनी एकदा जत पूर्व भागातल्या उमदीतनं सकाळची गाडी पकडून बघावी.

त्यात मशेरी. तंबाखू भाजून केलेली ही पूड बायका दात घासायचं निमित्त करून लावतात, दिवसात तीन-चार वेळा पण, आणि हिरडी सुटली, गालाच्या आत पांढरा चट्टा आला तरी दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत. गुटख्यावर राज्यात 2012 पासनं बंदी, मशेरी घरच्या तव्यावरच होते. आशाताईनं हा चट्टा ओळखला तर कॅन्सर लवकर सापडतो, म्हणून दंतसेवेत खुर्चीइतकंच आशाताईचं ट्रेनिंग महत्त्वाचं.

पोरांचं जरा बरं आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (2013) पथक शाळेत वर्षातनं एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, किडलेले दात लिहून घेतं. पण लिहिल्यानं दात भरत नाही, चिठ्ठी दप्तरातच राहते. यावर एआरटी नावाची पद्धत आहे, 1980 च्या दशकात टांझानियात निघालेली, हाताच्या अवजारानं कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरायचं, ड्रिल नको, कॉम्प्रेसर नको, लाईट गेली तरी चालतं. म्हणजे शाळेच्या बाकावर पण होतं. हे सिमेंट 2021 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं.

सरकारी डेंटल कॉलेज इकडं एकही नाही, जुनी तीन आहेत ती मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. सांगली आणि कराडजवळची खाजगी डेंटल कॉलेजं बऱ्यापैकी स्वस्तात काम करतात, विद्यार्थ्यांना पेशंट लागतातच, वेळ मात्र जास्त जातो. शिबिरं पण होतात, पण शिबिरात तपासणी होते, टूथपेस्ट मिळते आणि फोटो निघतो, उपचाराला परत शहरच. त्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी डेंटिस्ट हमखास बसला आणि फिलिंगचं मटेरियल संपलेलं नसलं तर जास्त दाढा वाचतील, कारण बाजाराला माणूस तसाही तालुक्याला येतोच.