ग्लुकोजची शिडी आडवी पाडली की रिंग कशी होते

ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत एकच रेणू फिशर, न्यूमन, हॉवर्थ (सपाट रिंग), चेअर (खुर्चीसारखी वाकलेली रिंग) अशा कितीतरी तऱ्हांनी काढतात आणि परीक्षेत नेमकं एकातून दुसरं करायला येतं, मग पोरं 'उजवीकडचं खाली, डावीकडचं वर' एवढं घोकून जातात. मला हे मनापासून खटकतं, कारण ते खाली-वर आलं कुठून हे एकदा डोळ्यांनी दिसलं की घोकायला काही उरतच नाही.

डी-ग्लुकोजच घ्या. फिशरचं चित्र म्हणजे उभी शिडी, सगळ्यात वर एक नंबरचा कार्बन, खाली सहावा, मधल्या दोन ते पाचवर ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) अनुक्रमे उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, उजवीकडे. वाचायचा नियम एकच, आडव्या रेघा आपल्याकडे आलेल्या, उभ्या मागे गेलेल्या. म्हणजे प्रत्येक कार्बन दोन्ही हात पुढे करून मिठी मारायला उभा आहे असं समजा. आणि उभे बाँड सगळे मागेच जातात म्हटल्यावर साखळी सरळ राहीलच कशी, ती धनुष्यासारखी मागे वाकते, दोन्ही टोकं आपल्यापासून लांब.

आता हे धनुष्य तसंच उचलून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आडवं पाडा. एक नंबर उजव्या हाताला आला, उजवीकडचे ओएच खाली लोंबायला लागले, डावीकडचा वर गेला, टोकं तर मागे वळलेलीच आहेत, म्हणजे हॉवर्थची रिंग जवळजवळ तयारच! पण फिशर ९० अंशात फिरवायचा नाही असं शिकवतात ना? बरोबरच आहे, फिरवून परत फिशर म्हणूनच वाचला तर पुढचे बाँड मागे धरले जातात आणि एकाच कायरल कार्बनचा (चार वेगवेगळे गट लागलेल्या कार्बनचा) रेणू असेल तर थेट त्याचं आरशातलं रूप होतं (१८० अंश चालतात, कारण आडवं आडवंच राहतं). इथे आपण नियम पुन्हा लावत नाही, वस्तूच हलवतोय.

खरी गडबड पाचव्या कार्बनवर होते. रिंग दोन टोकं थेट जोडून नाही, तर तिथल्या ओएचचा ऑक्सिजन एक नंबरला जोडून बंद होते, आणि तो तर खाली लोंबतोय. म्हणून चार-पाचचा बाँड पिळायचा, ऑक्सिजन मागे रिंगच्या पातळीत येतो आणि सहावा कार्बन, म्हणजे सीएचटूओएच, वर जातो. हा पीळ कागदावर दिसत नाही, कणकेचे गोळे आणि टूथपिक घेऊन एकदा करून बघा.

यात कमीपणा काही नाही हो. १८९१ च्या वसंतात इटलीत बोर्दिगेराला खुद्द एमिल फिशर, ज्याच्या नावाने हे शिडीचं चित्र आहे तो रसायनशास्त्रज्ञ, साखरेच्या रचनेवर अडला होता, त्याने गुरू आडोल्फ बायरला विचारलं, बायरने लगेच पावाच्या गोळ्या आणि टूथपिक घेऊन कार्बन बनवले, खूप खटपट केली आणि शेवटी सोडून दिलं. फिशरला उत्तर सापडलं ते पुढे व्युर्त्सबुर्गला, चांगली मॉडेल्स बराच वेळ न्याहाळल्यावर.

हॉवर्थवरून चेअर काढताना वरचं वरच ठेवायचं, खालचं खाली, फक्त रिंग सपाट नाही एवढं धरायचं. रिंग बंद होताना एक नंबरवर तयार झालेला नवा ओएच वर असेल तर बीटा, खाली असेल तर अल्फा. बीटात पाचही मोठे गट रिंगच्या बाजूंना, मोकळ्या जागेत पसरतात, अल्फात एक नंबरचा ओएच उभा राहून दाटी करतो, आणि पाण्यात विरघळलेल्या ग्लुकोजमध्ये साधारण ६४ टक्के बीटा नि ३६ टक्के अल्फा असतं.