विद्युत एक्झॉस्ट कटआउट

मोटारीच्या एक्झॉस्ट नळीला सायलेन्सरच्या अलीकडे फाटा काढून त्यावर बसवलेली, छोट्या विद्युत मोटरने उघडमीट होणारी झडप. चालकाने डॅशबोर्डवरचे बटण दाबले की झडप उघडते, इंजिनातून निघालेला वायू सायलेन्सरपर्यंत न जाता मधूनच बाहेर पडतो आणि गाडीचा आवाज दोन-चार सेकंदांत पालटतो. पुन्हा बटण दाबले की गाडी पूर्ववत शांत. व्ही-८ इंजिनाच्या (व्ही आकारात चार-चार असे आठ सिलिंडर असलेल्या) गाड्या बाळगणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींत हे उपकरण सर्वाधिक दिसते.

कटआउट स्वतः कोणताही आवाज निर्माण करत नाही. इंजिनाचा मूळ आवाज दाबणारी यंत्रणा तो वाटेतून बाजूला करतो, एवढेच. त्यामुळे तोच कटआउट एका गाडीवर कान सुखावतो आणि दुसरीवर शेजाऱ्यांची झोप उडवण्यापलीकडे काहीही करत नाही.

रचना साधी असते. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा नळीचा तुकडा मूळ नळी कापून वेल्ड करतात किंवा क्लॅम्पने जोडतात. त्याच्या एका तोंडाला सायलेन्सरकडे जाणारी जुनी नळी, दुसऱ्याला झडप. झडप म्हणजे मधोमध दांडा असलेली पोलादी गोल चकती. दांडा पाव फेरा फिरला की वाट पूर्ण मोकळी होते. तो फिरवायला १२ व्होल्टची गिअर लावलेली मोटर असते. अडीच आणि तीन इंची मापे जास्त खपतात. साध्या संचात बटण दाबून धरावे लागते, म्हणजे चकती अर्ध्यावरही थांबवता येते. महागड्या संचात रिमोट असतो, किंवा इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना झडप आपोआप उघडण्याची सोय असते. उघडताना ऐकू येणारा क्रम ठरलेला आहे. आधी मोटरची बारीक घरघर, मग चकती जराशी हलल्यावर फटीतून सुटणाऱ्या वायूची सरसर, आणि फट रुंदावत गेली की ती सरसर विरून खालचा जाड सूर वर येतो. अर्धवट उघडी झडप म्हणूनच कानाला सर्वांत वाईट लागते: सायलेन्सरचा गुण गेलेला असतो आणि मोकळ्या नळीचा खर्ज अजून आलेला नसतो.

हे का घडते ते समजायला सायलेन्सर काय करतो ते पाहावे लागते. सिलिंडरची एक्झॉस्ट झडप उघडते तेव्हा आत अजून वातावरणाच्या काही पट दाब शिल्लक असतो. तो एकदम सुटतो आणि नळीत दाबाचा ठोका धावतो. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा असा ठोका देतो. म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरचे इंजिन सेकंदाला १०० ठोके देते आणि आठ सिलिंडरचे २००. हा झाला मूळ सूर. त्यावर त्याच्या पटीतल्या वरच्या कंपनांचा थर असतो आणि वेगाने वाहणाऱ्या वायूची खरखरही असते. सायलेन्सर दोन मार्गांनी हे दाबतो. आतल्या कप्प्यांतून आणि भोके पाडलेल्या नळ्यांतून लाटा परत फिरवून एकमेकींना मारायला लावतो. तसेच काचतंतूसारख्या भरावात वरच्या पट्टीची कंपने जिरवतो. वरची कंपने आणि खरखर सहज जिरते, खालचा सूर दाबायला मात्र मोठा कप्पा लागतो. कटआउट उघडला की दोन्ही उपाय एकदम रद्द होतात. नुसता ‘मोठा आवाज’ असे त्याचे वर्णन म्हणूनच अपुरे पडते. आवाजाची धार आणि प्रत्येक ठोक्याची कड, जी सायलेन्सर गोल करून टाकत होता, ती परत येते.

अमेरिकी व्ही-८ च्या आवाजाचे गुपित याच कडेत आहे. तिच्या क्रॅंकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, कड्या एकमेकींपासून नव्वद अंशांवर असतात. सगळे आठ सिलिंडर मिळून ठोके समान अंतराने पडतात, पण एका बाजूचे चार वेगळे ऐकले तर अंतर असमान असते. शेव्रोलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक इंजिनाचा सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा. विषम आकड्यांचे सिलिंडर एका बाजूला, समांचे दुसऱ्या. त्यातल्या विषम बाजूचे ठोके मोजले तर २७०, १८०, ९० आणि १८० अंश अशी अंतरे येतात. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर गाडी उभी असताना हा नमुना सेकंदाला साधारण सहा वेळा फिरून येतो. घोड्याच्या दुडक्या चालीसारखी जी लय ऐकू येते, ती हीच. फेरारीच्या सपाट क्रॅंकच्या, म्हणजे कड्या एकाच पातळीत असलेल्या, व्ही-८ इंजिनांत दोन्ही बाजूंचे ठोके समान अंतराने पडतात, म्हणून तिथे ही लय नसते, तिथे वरच्या पट्टीतला चिरका सूर मिळतो. साध्या चार सिलिंडरच्या गाडीत ठोके समान असतात आणि मूळ सूर एकच. कटआउट लावून तिला व्ही-८ बनवता येत नाही. हाती येते ती बहुधा पत्र्याच्या डब्यासारखी भणभण. सायलेन्सरचे पैसे कंपनीने उगाच घातलेले नसतात.

फाटा कुठे काढला यावर निम्मा निकाल ठरतो. व्ही-८ गाडीच्या दोन बाजूंच्या नळ्या बहुधा मध्ये एच किंवा एक्स आकाराच्या जोडाने एकत्र येतात. कटआउट या जोडाच्या आधी बसवले, तर प्रत्येक बाजूचे असमान ठोके वेगळे बाहेर पडतात आणि दुडकी चाल ठळक होते. जोडाच्या पुढे बसवले तर आधीच मिसळलेला, जरा सपाट पण उंच सूर मिळतो. लांबीचाही प्रश्न आहे. तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने जातो. एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी अशी चार मीटरची नळी धरली, तर तिचा पहिला अनुनाद ३१ हर्ट्झच्या आसपास येतो. दीड मीटरवरच तोंड उघडले तर तो ८० हर्ट्झच्या पुढे सरकतो. खऱ्या एक्झॉस्टचे गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण दिशा हीच. इंजिनाच्या जितके जवळ कापाल तितका आवाज उघडा आणि कर्कश, जितके मागे कापाल तितका भरदार.

झडप उघडी असली तरी सगळा वायू तिथूनच जातो असे नाही. थोडा सायलेन्सरकडे वळतोच, आणि मागची नळी एका बाजूच्या पोकळीसारखी काही कंपने गिळत राहते. शिवाय नवे तोंड गाडीच्या पोटाखाली, बहुधा चालकाच्या आसनाच्या आसपास असते. आवाज रस्त्यावर आपटून थेट फरशीला भिडतो. मागे उभ्या असलेल्या माणसापेक्षा आत बसलेल्यालाच जास्त मार बसतो. त्यातून ‘ड्रोन’ उद्भवतो: मिनिटाला २,००० फेऱ्यांवर व्ही-८ चा मूळ सूर १३३ हर्ट्झ असतो, आणि अशा खालच्या सुरांना केबिनची पोकळी साथ देते. महामार्गावर एकाच वेगाने जाताना डोके जड करणारी ही घुम लांबच्या प्रवासात कटआउट बंद ठेवायला लावते. अशा वेळी विद्युत झडपेचे महत्त्व कळते. नटबोल्टचे झाकण असते तर गाडीखाली शिरावे लागले असते.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर होणारे फटफट बारही कटआउटमुळे नव्याने जन्मत नाहीत. न जळलेले थोडे इंधन गरम नळीत पेटते, ते आधीही पेटत होते. सायलेन्सर ते गिळत होता. टर्बो गाडीत, म्हणजे एक्झॉस्ट वायूने फिरणारे चक्र (टर्बाइन) वापरून इंजिनात जास्त हवा कोंबली जाते तिथे, चित्र वेगळे असते. टर्बाइनच ठोक्यांची धार बोथट करते, म्हणून तिथे कटआउट उघडल्यावर शिट्टी आणि वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप) सुटल्याचा सोसाटा पुढे येतो, खर्ज कमी.

शक्तीबद्दलच्या गप्पा आवाजापेक्षा मोठ्या असतात. आधुनिक गाडीचा एक्झॉस्ट आधीच बराच मोकळा असतो, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनात मिळणारी वाढ बेताची. टर्बोमध्ये टर्बाइननंतरचा अडथळा कमी झाल्याने फरक जास्त जाणवतो. ‘इंजिनाला बॅकप्रेशर (नळीतल्या अडथळ्याचा उलटा दाब) लागतेच’ हे गॅरेजमधले लाडके वाक्य मात्र चुकीचे आहे. खालच्या फेऱ्यांवर पिकअप कमी झालाच, तर त्याचे कारण नळीची लांबी आणि वायूचा वेग बदलून सिलिंडर रिकामा करायला मदत करणाऱ्या लाटांचा मेळ बिघडणे, हे असते.

कटआउटची कल्पना सायलेन्सरइतकीच जुनी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंना इंजिनाच्या मफलरचे (सायलेन्सरचेच अमेरिकी नाव) पेटंट १८९७ मध्ये मिळाले, आणि पुढच्या दोन दशकांत गाड्यांना पायाने दाबायचे कटआउट बसवले जाऊ लागले. त्या काळच्या मफलरमध्ये दाब अडे, इंजिने अशक्त होती, चढावर थोडीही ताकद हवी असे. एखादा सिलिंडर ठोका चुकवतो आहे का हे कानाने तपासायलाही चालक कटआउट उघडत. शहरांनी लवकरच त्यावर बंदी घालायला सुरुवात केली. १९३० नंतर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या म्युरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या तलावांवर शर्यती खेळणाऱ्या पोरांनी ती कल्पना पुन्हा उचलली. त्यांच्या गाड्यांच्या बाजूने जाणाऱ्या ‘लेक्स पाइप’च्या तोंडाला झाकण असे, घरून तलावापर्यंत झाकण लावून जायचे, तिथे पाना घेऊन काढायचे.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीत ही सोय देण्याचा एक गाजलेला प्रयत्न पॉन्टिअॅकने १९७० च्या जीटीओ या गाडीत केला. डॅशखालची मूठ ओढली की निर्वात दाबावर चालणाऱ्या झडपा उघडत. त्या वर्षीच्या जानेवारीतल्या सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात तिची जाहिरात दाखवली गेली: तरुण चालक मूठ ओढतो आणि गाडी गुरगुरते. मालक कंपनी जनरल मोटर्सच्या वरिष्ठांना ते रुचले नाही आणि पर्याय लगेच बंद झाला. पुढे शेव्रोलेच्या कॉर्व्हेट गाडीत फेऱ्यांनुसार आपोआप उघडणाऱ्या झडपा आल्या. मग त्यांचा फ्यूज काढून त्या कायम उघड्या ठेवण्याची युक्ती मालकांनी शोधली. फोर्डची २०१८ ची मस्टँग याच्या उलट वाटेने गेली. फोर्डच्या एका अभियंत्याच्या दारात शेल्बी मस्टँगच्या आवाजामुळे शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले, त्यातून सकाळी दबक्या आवाजात सुरू होण्याची सोय सुचली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्यात आवाज सुमारे १० डेसिबलने उतरून ७२ वर येतो. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुपटीचा वाटतो.

कायद्याची भूमिका सगळीकडे सारखी नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचे कलम २७१५० सांगते की मफलर सतत कार्यरत हवा आणि एक्झॉस्टला कटआउट किंवा बायपास असताच कामा नये. म्हणजे झडप बंद ठेवली होती हा बचाव तिथे चालत नाही. युरोपात लागू असलेला संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. ५१ निराळा विचार करतो: झडप ठेवा, पण तिच्या प्रत्येक स्थितीत गाडी मर्यादेत बसली पाहिजे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि ध्वनीच्या मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना बाळगण्यास अपात्रता अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात या कलमाचा मार कटआउटपेक्षा पुंगळी काढलेल्या बुलेटना जास्त बसतो. जप्त केलेले सायलेन्सर भर चौकात रोडरोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम अनेक शहरांत झाले आहेत. शर्यतीच्या ट्रॅकवर सारे माफ असते हाही गैरसमज आहे. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर बहुतेक दिवशी ९० ते ९२ डेसिबलची मर्यादा असते आणि ती ओलांडणाऱ्याला बाहेर बोलावतात.

बसवताना जागा चुकली की त्रास सुरू होतो. ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून इंधनाचे प्रमाण ठरवायला मदत करणाऱ्या भागाच्या) आधी झडप असेल आणि ती नीट मिटत नसेल, तर दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रणात इंधन कमी आहे असे वाटते आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. म्हणून जाणकार फाटा सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू कमी करणारा डबा) यांच्यानंतरच काढतात. तोंड फरशीखाली सोडले तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरण्याचा धोका असतो, तेव्हा ते बाजूला वळवावे लागते. ब्रेकच्या नळ्या आणि वायरी उष्णतेपासून दूर ठेवाव्या लागतात. उरलेला त्रास काजळीचा आणि पाण्याचा. चकतीच्या कडेला काजळी बसली की ती पूर्ण मिटत नाही आणि थंड इंजिनावर टकटक ऐकू येते. मोटर तळाशी असल्याने पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरते. झडप वरचेवर फिरवत राहिल्याने काजळीचा त्रास कमी होतो. मोटर गेलीच तर झडप उतरवून त्या जागी बोल्टने कसायची पोलादी चकती जवळ ठेवलेली बरी, नाहीतर उघड्या तोंडानेच घरी यावे लागते.