इंटरनेटचा वेग वाढवूनही पान उशिरा का उघडते?

इंटरनेट जोडणीचा वेग दुप्पट करून घेतला, तरी अनेक संकेतस्थळे उघडायला जवळपास पूर्वीइतकाच वेळ घेतात, कारण त्यातला बराचसा वेळ माहिती वाहून आणण्यात नव्हे, तर उत्तराची वाट पाहण्यात जातो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल, तर एका जाण्यायेण्याला किमान १०० मिलिसेकंद लागणारच. महागडी जोडणी घेऊन हा आकडा खाली येत नाही.

शिवाय अशी फेरी एकच नसते. सर्व्हरचा पत्ता सापडल्यावर ब्राउझर आधी त्याच्याशी टीसीपी या संपर्क-नियमांनुसार जोडणी करतो, ही पहिली फेरी, टीएलएस १.३ या सुरक्षा-नियमांनुसार गुप्त संवादासाठी किल्ल्या ठरतात, ही दुसरी. आणि प्रत्यक्ष पानाची मागणी जाते ती तिसरी. त्यातही मधल्या वाटेची क्षमता ठाऊक नसल्यामुळे सर्व्हर पहिल्या खेपेला साधारण १४ किलोबाइटच पाठवतो आणि पोच मिळत गेली, की दर खेपेला हे प्रमाण दुपटीने वाढवतो. १०० किलोबाइटच्या पानाला अशा तीन खेपा लागतात, त्यातली पहिली तिसऱ्या फेरीतच येते, म्हणजे एकंदर पाच फेऱ्या आणि अर्धा सेकंद. चित्रे तर अजून मागवायचीच आहेत. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी-३ या पाने मागवण्याच्या नियमावलीत पहिल्या दोन फेऱ्यांचे काम एकाच फेरीत उरकते. सीडीएन पानाची प्रत वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवून अंतरच कमी करते, तर ब्राउझरची कॅश, म्हणजे आधी आणलेल्या फाइलींचा वाचकाच्याच यंत्रावरचा साठा, फेरीच वाचवते. माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित उपाय हाच.

चित्रांबाबतचा निष्काळजीपणा मात्र अनाकलनीय आहे. ४०० × ३०० पिक्सेलच्या चौकटीत ४००० × ३००० पिक्सेलचे छायाचित्र टाकले, तर गरजेच्या शंभरपट पिक्सेल मागवले जातात, आणि उलगडल्यावर ते सुमारे ४.८ कोटी बाइट स्मृती व्यापते. चित्र योग्य मापाचे करून वेबपी किंवा एव्हीआयएफ या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ठेवले, की हा भार बहुतांशी उतरतो.

जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामचा (स्क्रिप्टचा), भार निराळ्या जातीचा असतो. तितक्याच किलोबाइटचे चित्र केवळ उलगडून दाखवायचे असते, पण स्क्रिप्ट वाचावी, समजून घ्यावी आणि चालवावी लागते. ती चालू असताना त्याच मुख्य धाग्यावरची, म्हणजे ब्राउझर एकामागून एक उरकतो त्या रांगेतली, इतर कामे खोळंबतात, म्हणून पान दिसत असूनही बटण दाबल्यावर काहीच घडत नाही. गूगलने मार्च २०२४ पासून संकेतस्थळे जोखण्याच्या आपल्या मुख्य निकषांत या प्रतिसादाचे मोजमाप घेतले असून, तो २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा अशी अपेक्षा ठेवली आहे. विकासकाच्या दणकट लॅपटॉपवर ही मर्यादा सहज पाळली जाते, त्यामुळे चाचणी साध्या मोबाइलवरच घ्यावी लागते.