स्वतःच्या जमिनीला ‘समुदाय राखीव’ दर्जा हवाय? अर्ज, कागद आणि फाइल अडते त्या जागा

वडिलोपार्जित माळ आहे, त्यावर चिंकारे चरायला येतात, खोकडाची बिळं आहेत, आणि आपल्या पश्चातही ते तसंच राहावं असं वाटतं. अशा मालकांसाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये सोय आहे. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६-सीनुसार, एखाद्या व्यक्तीने किंवा समूहाने वन्यजीव जपायची आपणहून तयारी दाखवली तर राज्य शासन खाजगी वा सामूहिक जमीन ‘समुदाय राखीव’ म्हणून जाहीर करू शकतं. मालकी तुमचीच राहते. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातलं कोक्करे बेल्लूर हे याचं नावाजलेलं उदाहरण. तिथे पेलिकन आणि चित्रबलाक गावातल्याच झाडांवर घरटी करतात.

पात्रता दोन ओळींची आहे. जमीन राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा संवर्धन राखीव क्षेत्रात नसावी, आणि तयारी स्वखुशीची असावी. कायद्यात किमान क्षेत्राची अट नाही. अर्जाचा ठराविक नमुनाही नाही, त्यामुळे ‘फॉर्म कुठे मिळेल?’ म्हणून फिरण्यात वेळ घालवू नका. साध्या कागदावर उपवनसंरक्षकांच्या नावे अर्ज करा आणि एक प्रत मुख्य वन्यजीव रक्षकांना पाठवा.

पहिला घोळ नावातच होतो. लोक ‘संवर्धन राखीव’ मागतात. ते कलम ३६-ए, आणि ते सरकारी मालकीच्या जमिनीसाठी आहे. खाजगी गटासाठी ते लिहिलंत की अर्ज परत येणार, आणि त्यात कार्यालयाची चूक नाही. दुसरा घोळ याहून गंभीर. सात-बाराच्या इतर हक्कात ‘खाजगी वन’ अशी नोंद असेल तर आधी तिचा उलगडा करा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ नुसार अशी वनं ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाकडे निहित झाली. नोंद बरोबर असेल तर जमीन तुमची नाहीच, मग ती देणार कशी? चुकीची असेल तर ती लढाई महसूल खात्यात वेगळी लढावी लागते.

आता खरं दुखणं: सात-बारा.

भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकटात दिसणारा विनास्वाक्षरी उतारा फक्त माहितीसाठी असतो. तो जोडू नका. पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो, तोच जोडा. सोबत आठ-अ (खात्याचा उतारा) आणि संबंधित फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी). इथपर्यंत सगळे येतात. अडतं ते नावांवर. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी उताऱ्यावर तेच. किंवा थोरल्या काकांचं एकट्याचं नाव आणि खाली इतर हक्कात ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं. ही अक्षरं दिसली की समजा, काका एकटे मालक नाहीत, एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून त्यांचं नाव लागलंय, आणि एकट्या काकांच्या सहीवर प्रस्ताव पुढे सरकणार नाही. लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं हटकून राहिलेली असतात. हक्कसोडपत्र झालंय असं घरात सगळे सांगतात. नोंदणीकृत आहे का विचारलं की शांतता. आधी वारस नोंद करून घ्या, मग प्रत्येक सहहिस्सेदाराचं लेखी संमतीपत्र. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर त्यांचं ना हरकत पत्र घेऊन ठेवा, पुढची एक फेरी वाचते.

इथे एक मुदत हमखास चुकीची वाचली जाते. वारस नोंदीचा फेरफार धरला गेला म्हणजे नाव लागलं असं नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केल्यावरच तो उताऱ्यावर उतरतो. फेरफार क्रमांक मिळाला त्याच दिवशी उतारा काढून जोडणारे बरेच आहेत. त्या उताऱ्यावर आजोबाच असतात.

सगळा गट देणार असाल तर पुढचं सोपं. पण ‘गट नंबर अमुकपैकी दोन एकर’ असं लिहिलंत तर तो ‘पैकी’ महिनोन् महिने खातो. कुठले दोन एकर? ओढ्याकडचे की रस्त्याकडचे? राखीव जाहीर करणाऱ्या अधिसूचनेत चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, लागतात. म्हणून भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) जोडा. गुगलच्या नकाशावर लाल पेनाने काढलेली रेघ चालत नाही, ती कितीही प्रामाणिक असली तरी. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस गेली आहे ना ते पाहा. बांधाचा वाद त्या दिवशी निघालेला परवडतो, अधिसूचनेनंतर निघालेला नाही.

मग येतो कुणाकडेच नसलेला कागद: जमिनीवर काय जगतंय याची नोंद. ‘मोर, ससे, विविध पक्षी’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या महिन्यात काय दिसलं, कुठे दिसलं, तिथे गवत होतं की काटेरी झुडूप, ओढ्यात पाणी कधीपर्यंत होतं, हे तारखेच्या फोटोंसह वहीत हवं. निदान पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तरी त्यात यावेत. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, तिचा उतारा मागा. मिळाला तर उत्तम. बहुतेकदा नोंदवही कपाटात असते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात.

याच्यासोबत आपल्या जमिनीचं काय करणार ते थोडक्यात लिहा. आणि कृपा करून ‘पाच हजार झाडं लावणार’ असं लिहू नका. उजाड वाटणारा माळ हा माळच असतो. चिंकारा, खोकड, चंडोल यांना मोकळं गवत लागतं. त्यात ग्लिरिसिडिया नि सुबाभूळ कोंबलं की ज्यांच्यासाठी अर्ज केला तेच निघून जातात. मारवेल, पवन्या, शेडा ही गवतं राखू, घाणेरी आणि वेडी बाभूळ काढू, बोरी-हिवर आहेत तसे ठेवू, गुरं अमुक महिन्यात आणि अमुक बाजूला चारू, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करू, असं लिहिलं की पाहणीला आलेल्या वनरक्षकालाही कळतं की मालकाला जमीन माहीत आहे.

राखीव क्षेत्राचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापन समितीबद्दल जुनी माहिती फिरत असते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीवरच्या राखीव क्षेत्राच्या समितीत मालक, वन विभागाचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा किंवा आदिवासी समूहाचा प्रतिनिधी असतो. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ग्रामपंचायतीचा माणूस या समितीवर येणारच आहे, तेव्हा ग्रामसभेत विषय आधीच मांडून ठराव घ्या. लेटरहेडवरचं सरपंचांचं शिफारसपत्र म्हणजे ठराव नव्हे. सरपंच बदलले की पत्राची किंमत जाते.

सही करण्याआधी कुटुंबाला एकत्र बसवून हे वाचून दाखवा: अधिसूचना निघाल्यावर जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि त्यावर राज्य शासनाची मंजुरी, दोन्ही लागतात. धाकट्याला तिथे पुढे रिसॉर्ट काढायचं असेल तर ते आत्ताच बोलू दे. शिवाय अभयारण्याची काही कलमं ‘शक्य तितपत’ इथेही लागू होतात. त्यांत आग लावण्यावर बंदी आहे आणि वन्यजीवांना घातक रसायनं नि स्फोटकं वापरण्यावरही. दर उन्हाळ्यात बांध पेटवायची सवय असेल तर ती सुटली पाहिजे.

अर्ज देताना पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. शासनाने किती दिवसांत निर्णय द्यावा हे या कलमात लिहिलेलं नाही, आणि फाइल वनपरिक्षेत्रापासून मंत्रालयापर्यंत जाते. माहिती अधिकाराचे तीस दिवस अनेकजण निर्णयाची मुदत समजतात. ते माहिती देण्याचे आहेत. माहिती अधिकाराच्या अर्जात तुम्ही ‘फाइल सध्या कोणत्या टेबलवर आहे आणि शेवटचा शेरा काय’ एवढंच विचारा. त्रुटीचं पत्र तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, हे बहुधा तेव्हा कळतं.