लाकूड घरात मुरवणे (गोवा)

चिरून सुकवलेले इमारती लाकूड कामाला लावण्यापूर्वी काही काळ छपराखाली, शक्यतो जिथे ते बसवायचे त्याच खोलीत रचून ठेवण्याची पद्धत. लाकूड अगदी कोरडे करणे हा तिचा हेतू नव्हे. भोवतालच्या हवेशी त्याच्या ओलाव्याचा मेळ बसावा, म्हणजे पुढे ते वाकत नाही, एवढ्यासाठी ती पाळतात.

लाकूड हवेतले बाष्प सतत घेते आणि सोडते. त्यातला ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की ते आकसू लागते, पण सर्व अंगांनी सारखे नाही. वर्षवलयांच्या दिशेने होणारा आकस गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसाच्या साधारण दुप्पट असतो, तर लांबीत तो नगण्य असतो. बाक आणि पीळ यातूनच येतात. फळीची एक बाजू दुसरीआधी सुकली तरी हेच होते.

गोव्यात हा प्रश्न पावसामुळे बिकट होतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ८५ टक्क्यांना तो १८ पर्यंत चढतो. एवढ्या फरकाने २०० मिमी रुंदीची, आडव्या कापाची (म्हणजे जिची रुंदी वर्षवलयांच्या दिशेने येते अशी) सागवानी फळी सुमारे २ मिमी फुगते, आणि जुलैत दार चौकटीत अडकायला तेवढे पुरते. उलट वातानुकूलित खोलीत हवा बरीच कोरडी असते. त्यामुळे पडवीत मुरलेली फळी तिथल्या कपाटाला चालेलच असे नाही. तिला त्या खोलीतच मुरू द्यावे लागते. घाईच्या कामात नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि मग चांगल्या सागालाही दोष दिला जातो.

रचण्याला फार महत्त्व आहे. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत आणि जमीन दोन्ही ओल धरतात, म्हणून थप्पी भिंतीपासून सोडून, जाड ओंडक्यांवर उचलून लावतात. दर दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या सुक्या पट्ट्या घालतात. या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर फळी थप्पीतच झोल धरते. वर वजन ठेवतात. ओलावा टोकांतून सर्वांत लवकर निघून तिथे चिरा पडतात. टोकांना मेण किंवा रंग लावला की ते टळते. प्लास्टिकने झाकू नये, कारण आत बुरशी धरते. फळ्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवणे तर सर्वांत वाईट.

साग मुळात कमी फुगतो आणि कमी आकसतो. माटी म्हणजे ऐन, हे गोव्यातले एक झाड. त्याचे लाकूड सुकताना चिरते व वाकते, म्हणून ते सावकाश सुकवावे लागते.

लाकूड तयार झाले की नाही हे ओलावामापकाने कळते. तो नसेल तर थप्पीतला एक तुकडा काही दिवसांच्या अंतराने तोलतात. वजन बदलायचे थांबले की फळी कापायला घेता येते. तरीही पावसाळी फुगवट्यासाठी दाराच्या तावदानी फळीला, म्हणजे चौकटीत बसणाऱ्या मधल्या फळीला, खाचेत थोडी मोकळी जागा ठेवतात आणि तिथे सरस लावत नाहीत.